स्वयंपाकघरात सांगायच्या चुका

आबा, आम्ही फायनल हरलो. दोन-एक. तुम्ही असतात तर स्कोअर नंतर विचारला असता, आधी विचारलं असतं, रेफ्री कोण होता? म्हणून तेही सांगते. रेफ्री एक तरुण मुलगा होता, पंचविशीच्या आसपासचा, काटकुळा, पावसाने केस कपाळाला चिकटलेले. शिट्टी खणखणीत वाजवत होता आणि सतत बॉलच्या जवळ होता, लांबून हात दाखवणाऱ्यांपैकी नव्हता. तुम्हाला आवडला असता. त्याच्या हातून एक चूक झाली. ती मी पाहिली. आणि पाहून मी जे केलं, किंवा केलं नाही, त्यावरून तेव्हापासून माझं माझ्याशीच भांडण चाललं आहे. तुमच्याशीही थोडं चाललं आहे, खोटं कशाला बोलू.

आज डिसेंबरातला रविवार आहे. हे ग्रोसरीला गेलेत, मुलगा त्याच्या खोलीत दार लावून बसलाय. इथे समुद्रापार, या कोक्विटलाम शहरात, ऑक्टोबर सरला की पावसाची अशी बारीक रिपरिप लागते की माणूस छत्री उघडायचाही कंटाळा करतो. मी डायनिंग टेबलावर बसून तुम्हाला लिहिते आहे. तुम्ही गेलात तेव्हा मी कॉलेजच्या पोरींचा नुसता संध्याकाळी सराव घ्यायला जायची. त्यानंतर जुने कोच निवृत्त झाले आणि संघ माझ्याकडे आला, हे तुम्हाला माहीतच नाही. नोकरी तीच आहे, सॉफ्टवेअर टेस्टिंगची. दिवसभर दुसऱ्यांच्या कामातल्या चुका शोधायच्या आणि दिसली की त्याच मिनिटाला लिहून पाठवायची. आई म्हणायची, हिला चुका काढायचा पगार मिळतो, बापावर गेलीय. आई चुकत होती. तुम्ही लोकांच्या चुका कधी काढल्या नाहीत. तुम्ही माझ्याकडून स्वतःच्या काढून घ्यायचात.

ते स्वयंपाकघर मला आजही जसंच्या तसं दिसतं. कोल्हापुरात फुटबॉलचा सीझन सुरू झाला की पेठापेठांतून झेंडे लागायचे, आणि शाळेत पी.टी. शिकवणारे तुम्ही दुपारी काळा ड्रेस घालून, मोजे गुडघ्यापर्यंत ओढून स्टेडियमकडे निघायचात. मी मागे सायकलवर. मला पायऱ्यांवर बसवून तुम्ही मैदानात उतरलात की मग मी तुमची कोणी नव्हते आणि तुम्ही माझे कोणी नव्हतात. तासाभरात हजारो लोक तुमच्या सात पिढ्यांचा उद्धार करायचे. मी ऐकत बसायची. शेजारचा माणूस तुम्हाला शिवी द्यायचा आणि मला शेंगदाणे द्यायचा, कारण त्याला माहीत नसायचं मी कोणाची. मॅच संपली की घरी. तुम्ही स्वयंपाकघरात त्या बुटक्या स्टुलावर बसता, पाय कढत मिठाच्या पाण्यात सोडता, आई चहा आणि खारी पुढे ठेवते. तुम्ही पहिला घोट घेता आणि माझ्याकडे न बघता विचारता, "हं. आज किती चुकलं? सांग की."

आणि मी सांगायची. डावीकडच्या गोलजवळ तो ढकलला गेला होता, ते तुम्हाला दिसलं नाही. ऑफसाइड दिला तेव्हा त्यांचा एक बॅक मागे राहिला होता. थ्रो-इन उलटा दिलात. दहा-बारा वर्षांची पोर मी, आणि तुम्ही मान खाली घालून ऐकायचात. कधी म्हणायचात, हे खरं. कधी म्हणायचात, नाही, मी जवळ होतो, तुला तिथून तसं दिसलं असेल. आई नाक मुरडायची. जन्मदाता बाप पोरीसमोर आरोपीसारखा बसतो हे तिला बघवायचं नाही. पण आबा, माझ्या बालपणात मी मोठं माणूस व्हायची ती तेवढ्याच वेळेला. वर्गात मला कोणी विचारायचं नाही. नातेवाइकांत मुलगी म्हणून कोणी हिशेबात धरायचं नाही. आणि ज्या माणसाच्या शिट्टीवर अख्खं स्टेडियम थांबतं तो माणूस मला विचारतो, आज माझं काय चुकलं.

एकदाच मी नियम मोडला. मॅच संपवून आपण बाहेर पडलो होतो, रस्त्यावर गर्दी, हरलेल्या पेठेची पोरं सायकली धरून उभी, आणि मला तर घरापर्यंत दम निघेना. मी मोठ्याने म्हणाले, आबा, तो हँड होता, पेनल्टी होती. दोन-चार जणांनी वळून बघितलं. तुम्ही सायकल हातात धरून शांत चालत राहिलात, रोजच्यापेक्षा हळू. घरी आल्यावर चपला काढल्या, मला समोर उभं केलं आणि म्हणालात, "बाहेर मी रेफ्री आहे. चारचौघांत रेफ्रीची चूक दाखवली तर पुढची शिट्टी वाजवायला त्याचा हात उचलत नाही. तुला काय दिसलं ते जपून ठेव आणि स्वयंपाकघरात सांग. तिथं मी ऐकतो." तुम्ही माझ्यावर हात उगारला नाहीत, आवाजही चढवला नाहीत. पण त्या दिवशी तुम्ही चहा बाहेरच्या खोलीत घेतला आणि मला काही विचारलं नाही. तेवढी शिक्षा मला पुरली. त्यानंतर मी जपून ठेवायला शिकले. इतकं चांगलं शिकले की आता ते सुटत नाही.

पुढे तुम्ही मला बूट आणून दिलेत, मुलांचे, एक नंबर मोठे, पुढे कापूस कोंबून घालायचे. मुलींनी फुटबॉल खेळायचा हे तेव्हा आपल्या गल्लीत कोणाच्या पचनी पडायचं नाही. तुम्ही दुकानदाराला सांगितलंत भाच्यासाठी हवेत. घरी येऊन मला म्हणालात, खोटं बोललो, पण खेळ. ते बूट मी कापूस काढून टाकायची वेळ येईपर्यंत वापरले. तेव्हा कॉलेजात आम्ही जेमतेम संघ होईल इतक्या मुली होतो. जिल्ह्याबाहेर एकदाच गेलो, पहिल्याच मॅचला घरी आलो. मी हरून आल्यावर तुम्ही मला स्टुलावर बसवलंत आणि मिठाचं पाणी माझ्या पायाखाली ठेवलंत. त्या दिवशी मी तुम्हाला विचारलं, आज किती चुकलं? तुम्ही म्हणालात, चुकलं काही नाही, त्यांची पोरं जास्त पळाली.

आता इथलं सांगते. माझ्या संघात कोणी कोरियन आहे, कोणी शेजारच्या सरे शहरातली पंजाबी, दोघी-तिघी इथल्याच गोऱ्या, आणि गोलकीपर नागपूरची. तीच कॅप्टन. शिकायला आली, दिवसा कॉलेज, संध्याकाळी सराव, आणि शनिवार-रविवार ग्रोसरी स्टोअरच्या मागच्या थंड खोलीत खोकी उचलायची. सरेमध्ये एका बेसमेंटमध्ये आणखी मुलींबरोबर राहते. मैदानावर मला कोच म्हणते, मैदानाबाहेर ताई. शिफ्ट बदलून मिळवायला ती मॅनेजरच्या किती विनवण्या करायची ते मला ठाऊक आहे, कारण कधीकधी तिला सोडायला मीच जायची. गाडीत ती मला सांगायची, ताई, घरी कुणाला पटत नाही की मी इथे येऊन फुटबॉल खेळते. बाबा म्हणतात, तिथे शिकायला पाठवलं की उड्या मारायला? नॅशनल्सला गेलो ना, तर मी त्यांना लाइव्ह लिंक पाठवणार. एकदा तरी बघतील. तिचं शेवटचं वर्ष होतं. डिसेंबरात तिचं शिक्षण संपतं, म्हणजे ती पुन्हा कॉलेजकडून खेळू शकणार नाही. आणि प्रांताची फायनल जिंकली तरच नॅशनल्स, म्हणजे देशभरातल्या कॉलेजांची स्पर्धा. तिच्यासाठी ते इतकं सरळ होतं.

मॅच दुपारची होती, पण त्या दिवसांत इथे दुपारीच अंधारून येतं. दिवे लावले होते आणि दिव्यांच्या उजेडात पाऊस तिरका दिसत होता. समोरच्या संघात दोन उंच पोरी होत्या, दोघींच्याही पिवळ्या वेण्या, लांबून बघितलं तर जुळ्या वाटाव्यात. त्यातली एक मधल्या फळीत खेळायची आणि सगळा खेळ तिच्या पायातून जायचा. पहिल्या हाफमध्येच तिने आमच्या विंगरच्या घोट्यावर लाथ घातली. रेफ्रीने पिवळं कार्ड दाखवलं. त्याच्याभोवती दोन्हीकडच्या पोरींचा घोळका झाला, त्याने डोळ्यांवरचं पाणी पुसलं, कार्डावर नंबर लिहिला. माझा असिस्टंट, सरेचा एक पंजाबी गृहस्थ, तेव्हा बाकाच्या मागे विंगरचा घोटा बांधत बसला होता. त्याने हे काही बघितलं नाही. आमची कॅप्टन दुसऱ्या टोकाला गोलमध्ये होती. बाकी पोरींना मी शिकवलंच आहे की रेफ्रीच्या कामात नाक खुपसायचं नाही, बोलायचं तर फक्त कॅप्टनने. मी मात्र पाहिलं. माझी सवय तुम्हाला माहीत आहे.

आम्ही आधी गोल केला, त्यांनी दुसऱ्या हाफच्या सुरुवातीला फेडला. एक-एक. आणि साधारण वीसेक मिनिटं उरली असताना तीच पोर आमच्या स्ट्रायकरच्या मागे धावली, पकडता येईना म्हणून तिने सरळ जर्सी धरून तिला खाली ओढलं. रेफ्रीने पुन्हा पिवळं कार्ड काढलं. दुसरं पिवळं. म्हणजे लाल, म्हणजे बाहेर, म्हणजे त्यांच्या उरल्या दहाजणी. हे तुमच्या त्या शेंगदाणेवाल्यालाही कळलं असतं. रेफ्रीने कार्ड दाखवलं, नंबर लिहिला, आणि फ्री-किकच्या जागेकडे पळत गेला. लाल कार्ड काढलंच नाही. नंतर कळलं, पहिल्या वेळी त्याने त्या घोळक्यात दुसऱ्या वेणीवालीचा नंबर लिहिला होता.

मी त्यांच्या कोचकडे बघितलं. त्याने माझ्याकडे बघितलं. आणि त्याने नजर खाली घालून स्वतःच्या बुटांकडे बघायला सुरुवात केली. म्हणजे त्यालाही ठाऊक होतं. अख्ख्या मैदानावर बहुधा आम्हा दोघांनाच. लाइन्समन माझ्यापासून हाकेच्या अंतरावर होता, हाकेच्या कशाला, कुजबुजलं तरी ऐकू गेलं असतं. फ्री-किक घ्यायला वेळ लागत होता, भिंत मागे सरकत नव्हती. पुन्हा खेळ सुरू होईपर्यंत रेफ्रीला निर्णय बदलता येतो, हे मला तुमच्यामुळे दुधाच्या दातांपासून माहीत आहे. एक वाक्य बोलायचं होतं. तिला आधीच एक कार्ड आहे, एवढंच. मी मूग गिळून उभी राहिले. फ्री-किक झाली, भिंतीला लागून बाहेर गेली, आणि ती वेळ गेली.

बरं, त्यानंतर तरी डोकं ठिकाणावर ठेवायचं. तेही नाही. मी घाबरले. मधल्या फळीतली ती पोर अजून मैदानात आहे आणि आमच्या पोरी दमल्यात, हे दिसत होतं. मी आमची स्ट्रायकर बाहेर काढली आणि एक डिफेंडर आत घातली. म्हटलं, धरून ठेवू, एक्स्ट्रा टाइममध्ये बघू. असिस्टंट माझ्या कानाशी आला. आम्ही दोघं हिंदीतच बोलतो. म्हणाला, "मॅडम, अटॅकवाली को क्यों निकाला? दबाव तो हमारा था." मी त्याला गप्प केलं. विचार करा आबा, ज्यांच्या दहाजणीच असायला हव्या होत्या त्यांच्यासमोर मी माझा संघ मागे खेचला. चूक त्या मुलाची होती, ती मी तशीच राहू दिली, आणि वर त्या चुकीला घाबरून खेळले. बाहेर लोक रेफ्रीच्या नावाने बोटं मोडत होते, ते वेगळ्याच कुठल्या तरी ऑफसाइडवरून. खरं कारण कोणालाच माहीत नव्हतं.

शेवटी शेवटी त्यांना कॉर्नर मिळाला. बॉल वर आला, तीच पोर उठली आणि डोक्याने मारला. आमची कॅप्टन पुढे आली होती, तिची बोटं लागली, पण बॉल आत गेला. ती चिखलात नाही, इथे खोटं गवत असतं, त्या हिरव्या ओल्या चटईवर पालथी पडून राहिली. उठली ती बॉल उचलून मध्यावर नेऊन ठेवायलाच, म्हणजे वेळ वाया जाऊ नये. वेळ उरला नव्हता. शिट्टी झाली.

आणि मग मी काय केलं, सांगते. हस्तांदोलनं झाली, पोरी रडत ड्रेसिंग रूममध्ये गेल्या, आणि मी रेफ्रीला शोधत गेले. वॉशरूमच्या बाजूच्या अरुंद पॅसेजमध्ये तो एकटा उभा होता, बुटांच्या नाड्या सोडत. मी त्याला बाजूला घेतलं. आवाज खाली ठेवला. अगदी नीट, मायेने सांगितलं, की पहिलं पिवळं कार्ड त्याच पोरीला होतं.  त्याने खिशातून कार्ड काढून बघितलं, आणि त्याचा चेहरा पांढरा पडला. मला वाटलं, तो आभार मानेल. चारचौघांत न बोलता त्याची लाज राखली म्हणून. तो इंग्रजीत म्हणाला, तुम्हाला हे तेव्हाच माहीत होतं? मी हो म्हटलं. तो म्हणाला, "मग तेव्हाच का नाही सांगितलंत? मी तिला बाहेर काढलं असतं." त्याच्या आवाजात राग नव्हता. त्याला खरंच कळत नव्हतं की कोणी असं का करेल.  स्वयंपाकघर कसं सांगणार त्याला.

पोरगा प्रामाणिक होता. रिपोर्टमध्ये त्याने स्वतःची चूक लिहिली, आणि हरलेल्या संघाच्या कोचने सामना संपल्यावर ती दाखवून दिली, हेही लिहिलं. आमच्या कॉलेजने दाद मागितली. उत्तर आलं की हरकत मैदानावर, त्या वेळी घ्यायची असते, निकाल कायम. हे सगळं पोरींपर्यंत पोचायचं तसं पोचलं. मला कोणी काही बोललं नाही. माझ्या असिस्टंटने फक्त एकदा मान हलवली आणि म्हणाला, मॅडम, आप भी ना. त्याहून काही बोलला असता तर बरं वाटलं असतं.

कॅप्टन आली ती जर्सी परत द्यायला. सामानाच्या खोलीत मी एकटीच बॉल मोजून जाळीत भरत होते. तिने जर्सी धुऊन, घडी करून आणली होती. ठेवली आणि तिथेच उभी राहिली.

"ताई, एक विचारू? तुम्हाला तेव्हाच कळलं होतं?"

"हो."

"गेम चालू असताना?"

"हो."

तिने घडीची कड सारखी केली. मग म्हणाली, "मी गोलमध्ये उभी होते ताई. ती माझ्यासमोर हेडरला उठली. ती तिथे असायलाच नको होती, हे तुम्हाला माहीत होतं आणि मला नव्हतं. मग आम्ही तिथे काय करत होतो?"

मी म्हणाले, मला वाटलं रेफ्रीच्या लक्षात येईल.

ती म्हणाली, "ओके, कोच." आणि गेली. मैदानाबाहेर तिने मला पहिल्यांदाच कोच म्हटलं.

तेव्हापासून मी तुमच्याशी भांडते आहे. का शिकवलंत मला हे? एका बारा वर्षांच्या पोरीला सांगितलेला तुमच्या घरातला नियम मी समुद्रापार घेऊन आले आणि दुसऱ्याच्या पोरींवर लावला. रेफ्रीची लाज राखायची, ठीक आहे. पण मी रेफ्रीची पोर म्हणून उभी नव्हते तिथे. मी त्या अकराजणींची कोच होते. त्यांच्या बाजूने बोलायला मैदानाच्या कडेला एकच माणूस ठेवलेलं असतं, आणि त्या माणसाने त्यांच्यापेक्षा एका अनोळखी मुलाची काळजी केली. दुसऱ्या कुठल्याही कोचने आरडाओरडा करून मैदान डोक्यावर घेतलं असतं. त्यांच्यात कोणी रेफ्रीच्या घरात वाढलेलं नव्हतं, एवढाच फरक.

भांडता भांडता मला ती दगडफेक आठवली. तुम्ही दिलेल्या गोलवरून गोंधळ झाला होता आणि तुम्हाला पोलिसांच्या गाडीतून घरी आणलं होतं, कपाळाला टाके. बॉल रेषेच्या आत गेलाच नव्हता. त्या दिवशी तुम्ही मला काही विचारलं नाहीत. मी स्वयंपाकघराच्या दारात उभी होते आणि तुम्ही आईला सांगत होतात की लाइन्समनला दिसलं होतं. तो तुमचा विद्यार्थी. सरांना कसं सांगायचं म्हणून गप्प राहिला. तुम्हाला लोकांचा राग नव्हता, दगडाचाही नव्हता. तुम्ही परत परत तेच म्हणत होतात, "त्याला दिसलं होतं गं. त्यानं झेंडा तरी हलवायचा." मला हे खरंच आठवतंय, की आता सोयीचं म्हणून मी आठवून घेते आहे, कोण जाणे. आई असती तर विचारलं असतं. पण खरं असेल तर तुमचा नियम मी अर्धाच शिकले होते. ज्याच्या हातात झेंडा आहे त्याने गप्प बसायचं, असं तुम्ही कधीच म्हणाला नव्हतात. पायऱ्यांवर बसलेल्या पोरीला ते सांगितलं होतंत. मी पायऱ्यांवरून कधी उठलेच नाही.

म्हणजे भांडण मिटलं, तुमच्याशी तरी. दोष तुमचा नाही. पण मग दोष कसला, हे शोधत बसले, आणि जे हाताला लागलं ते सांगायची लाज वाटते. कॅप्टनला मी म्हणाले की मला वाटलं रेफ्रीच्या लक्षात येईल. ते खोटं होतं. मला असं काही वाटलं नव्हतं. रेफ्रीची लाज राखायची, हेही मनात नंतर आलं, पॅसेजमध्ये चालत जाताना. ज्या क्षणी त्याने लाल कार्ड काढलं नाही, त्या क्षणी मला आनंद झाला, आबा. साधा, शुद्ध आनंद. चूक दिसली, मला एकटीला दिसली, आता घरी जाऊन सांगायची. इतकी वर्षं इथे मॅचेस बघते, मुलांच्या, पोरींच्या, टीव्हीवरच्या, पण अशी सणसणीत चूक हाती लागली नव्हती. भिंत मागे सरकत नव्हती, पोरी माझ्याकडे बघत होत्या, आणि मी मनातल्या मनात वाक्य जुळवत होते, की पहिल्या हाफमध्ये घोळका झाला तेव्हा तुम्ही... तुम्ही नाही आहात हे लक्षात येईपर्यंत फ्री-किक झाली होती.

तुम्ही गेल्यावर मी रडले नव्हते फारशी. विमान, कागदपत्रं, आईची सोय, यातच दिवस गेले. ते असं त्या मैदानावर वसूल होईल असं वाटलं नव्हतं, आणि तेही दुसऱ्याच्या पोरीकडून.

हे पत्र कुठे पाठवायचा प्रश्नच नाही. लिहून झालं की मी ते बंद करेन, ग्रोसरी आत घ्यायला मदत करेन. पण लिहिताना अर्ध्यावर माझ्या लक्षात आलं की यातलं एकही वाक्य तुम्हाला सांगायची गरज नव्हती. ज्या पोरीने विचारलं होतं ती इथून वीस मिनिटांवर राहते. तिला ओटावाला नोकरी लागली आहे, पुढच्या आठवड्यात ती सामान घेऊन जाणार, एअरपोर्टला सोडायला कोणाला बोलावलंय मला माहीत नाही, मला बोलावलेलं नाही. तिला खरं कारण सांगायला हवं. ते कदाचित तिला पटणार नाही, बाप मेला म्हणून तुम्ही आमची मॅच घालवली असं म्हणेल, आणि ते बरोबरच असेल. तुम्हाला सांगणं सोपं होतं. तुम्ही उलट काही विचारणार नव्हतात. तिचा नंबर समोर काढून ठेवलाय, पण लावायची मला भीती वाटते.